कलेचं कर्ज, करदात्याचा खिसा

टेनिसपटू सेरेना विल्यम्स फ्लोरिडातल्या 'आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ फोर्ट लॉडरडेल'मध्ये फॅशन डिझाइन शिकली होती. संस्थेच्या लोकांनी पदवीधरांची कमाई मोजायला घेतली, तेव्हा विम्बल्डन जिंकणाऱ्या या माजी विद्यार्थिनीचं वार्षिक उत्पन्नही त्यांनी बेरजेत धरलं. सरासरी अर्थातच झोकात वर गेली. कपड्यांच्या दुकानात ताशी पगारावर काम करणारी मुलगी आणि ग्रँड स्लॅमची मानकरी यांची सरासरी काढली, तर कागदावर दोघीही सुखवस्तू दिसतात.

ही गोष्ट अमेरिकेच्या शिक्षण खात्याने १ मे २०२४ रोजी अधिकृतपणे मांडली. 'आर्ट इन्स्टिट्यूट्स' या साखळीतल्या कोणत्याही शाखेत १ जानेवारी २००४ ते १६ ऑक्टोबर २०१७ या काळात शिकलेल्या ३ लाख १७ हजार कर्जदारांचं ६१० कोटी डॉलरांचं सरकारी कर्ज रद्द होत असल्याचं त्या दिवशी जाहीर झालं. विद्यार्थ्यांना अर्जही करावा लागला नाही. आमचे ८० टक्क्यांहून जास्त पदवीधर सहा महिन्यांत आपल्याच क्षेत्रात नोकरीला लागतात, असं ही साखळी जाहिरातींत सांगत होती. खात्याने कागद तपासले, तर तो आकडा ५७ टक्क्यांच्या वर जात नव्हता.

त्यावर अमेरिकेत जो वाद झाला, तो आपल्याकडे कुठलीही कर्जमाफी आली की होतो, त्याच वळणाचा होता. ज्यांनी पोटाला चिमटा काढून हप्ते फेडले त्यांनी काय पाप केलं? जे कॉलेजात गेलेच नाहीत, ट्रक चालवतात, नळ दुरुस्त करतात, त्यांच्या करातून दुसऱ्यांच्या चित्रकलेचे पैसे का भरायचे? इथे आणखी एक खोचक पुरवणी जोडलेली असते: डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं सोडून चित्रं काढायला कुणी सांगितलं होतं?

शेवटचा टोमणा दोन्ही पक्षांचे पुढारी मारत आले आहेत. जानेवारी २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या कारखान्यात भाषण करताना बराक ओबामा म्हणून गेले, की कलेतिहासाच्या पदवीपेक्षा कारखान्यातल्या कुशल कामात तरुणांना जास्त पैसे मिळू शकतात. टेक्सास विद्यापीठातल्या कलेतिहासाच्या एका प्राध्यापिकेने निषेध कळवला, तेव्हा अध्यक्षांनी स्वहस्ते चिठ्ठी लिहून दिलगिरी व्यक्त केली. ऑगस्ट २०२२ मध्ये रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांनी दिलगिरी वगैरेच्या भानगडीत न पडता निरुपयोगी विषयांत सात वर्षं घालवून कॉफी विकणाऱ्या आळशी पोरांची टर उडवली. कलाशाळेचा कर्जबाजारी पदवीधर हा अमेरिकी राजकारणातला हक्काचा बकरा आहे.

त्या बकऱ्याच्या गळ्यात दोरी कुणी बांधली, हे कळायला कर्जाचे पैसे जातात कुठे ते पाहावं लागतं.

पैसा कुणाच्या हाती पडतो

८ नोव्हेंबर १९६५ रोजी टेक्सासमधल्या सॅन मार्कोस इथे, ज्या कॉलेजात आपण शिकलो तिथेच जाऊन, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. गरीब घरातल्या मुलाने पैशांपायी कॉलेज सोडू नये हा हेतू. सुरुवातीला कर्ज बँका देत आणि हमी सरकार देई. १ जुलै २०१० पासून नवी सगळी केंद्रीय कर्जं सरकार थेट देतं. आज ही थकबाकी १ लाख ६० हजार कोटी डॉलरांच्या वर आहे आणि कर्जदार सव्वाचार कोटींहून जास्त.

कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर चढतं, पण रक्कम आधी संस्थेच्या खात्यात जमा होते. संस्था आपली फी कापून घेते. काही उरलं तर राहण्याखाण्यासाठी मुलाच्या हाती पडतं. लग्नाचं बिल केटररला मांडवातच चुकतं आणि हप्ते मुलीचा बाप पुढची दहा वर्षं भरत राहतो, तसा हा व्यवहार आहे. जेवण खारट होतं की गोड, याचा केटररच्या पैशांशी संबंध उरत नाही.

म्हणजे 'करदात्याने पैसे भरावेत का' या प्रश्नातला काळ चुकलेला आहे. करदात्याने पैसे भरून झालेत. २००६ साली फोर्ट लॉडरडेलला किंवा पिट्सबर्गला प्रवेश घेतलेल्या मुलीची फी सरकारी तिजोरीतून त्याच वर्षी संस्थेकडे गेली. आता वाद आहे तो ती रक्कम तिच्याकडून वसूल करायची, संस्थेकडून करायची, की बुडीत खात्यात टाकायची, एवढाच.

आणि वसुली होईल हा सरकारचा अंदाज किती पोकळ होता, हे सरकारच्याच हिशेबनिसांनी दाखवलं आहे. १९९७ ते २०२१ या काळात दिलेल्या थेट कर्जांतून तिजोरीला ११,४०० कोटी डॉलरांचा फायदा होईल असं शिक्षण खातं धरून चाललं होतं. जुलै २०२२ च्या लेखापरीक्षण अहवालात तो आकडा उलटा झाला: १९,७०० कोटींचा खर्च. साथीच्या काळात थांबवलेले हप्ते आणि व्याज हे त्याचं एक कारण. परतफेडीबद्दलचे मूळचे आशावादी अंदाज हे दुसरं. ज्या कर्जमाफीवरून एवढं रान उठलं, ती संसदेत किंवा कोर्टात पोचण्याआधीच हिशेबाच्या वहीत शिरली होती.

साखळीची कुळकथा

पिट्सबर्गची आर्ट इन्स्टिट्यूट १९२१ सालची. व्यावसायिक चित्रकार, जाहिरातींचे आरेखक घडवणारी साधी शाळा. १९७० मध्ये 'एज्युकेशन मॅनेजमेंट कॉर्पोरेशन' या कंपनीने ती घेतली आणि शहरोशहरी शाखा काढल्या. इथे एक खुलासा हवा. शिकागोच्या प्रसिद्ध संग्रहालयाशी जोडलेलं 'स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो' वेगळं आणि ही साखळी वेगळी. नावातलं साम्य मात्र साखळीच्या पथ्यावर पडणारं होतं.

२००६ मध्ये गोल्डमन सॅक्स आणि इतर गुंतवणूकदारांनी ही कंपनी सुमारे ३४० कोटी डॉलरांना विकत घेतली. वॉल स्ट्रीटला चित्रकलेचा अचानक लळा लागला, यामागचं कारण नियमांत सापडतं. नफा कमावणाऱ्या कॉलेजांना आपल्या उत्पन्नाचा ९० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा केंद्रीय विद्यार्थी-मदतीतून मिळवता येत होता. लष्करातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणभत्त्याचा पैसा तर २०२१ मध्ये कायदा बदलेपर्यंत उरलेल्या दहा टक्क्यांत धरला जाई. ज्या धंद्यात दहातले नऊ रुपये सरकार देतं आणि गिऱ्हाईक नाराज झालं तरी परत मागत नाही, तिथे वाढ करायची तर एकच यंत्र लागतं: प्रवेश मिळवणारी फौज.

किती प्रवेश आणले यावर पगार-बक्षिसी ठरवायची नाही, असा कायदा आहे. कंपनीने तोच मोडला, असा आरोप तिच्याच माजी कर्मचाऱ्यांनी केला आणि २०११ मध्ये न्याय खातं त्या दाव्यात उतरलं. २००३ पासून कंपनीने १,१०० कोटी डॉलरांची सरकारी मदत लबाडीने उचलली, असं सरकारचं म्हणणं होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली ती ९ कोटी ५५ लाख डॉलरांवर. आरोप कंपनीने मान्य केले नाहीत. राज्यांच्या महाधिवक्त्यांबरोबरच्या दुसऱ्या तडजोडीत कंपनीने स्वतः विद्यार्थ्यांना दिलेलं १० कोटी २८ लाखांचं कर्ज सोडलं.

आता तीन आकडे शेजारी ठेवा. सरकारचा दावा १,१०० कोटींचा. वसुली ९ कोटी ५५ लाखांची, म्हणजे शंभरात एक डॉलरही नाही. आणि नऊ वर्षांनी करदात्याने सोडलेली रक्कम ६१० कोटींची.

पुढची कथा अधिक विचित्र आहे. २०१७ मध्ये साखळी लॉस एंजेलिसच्या 'ड्रीम सेंटर' या ख्रिस्ती धर्मादाय संस्थेला विकली गेली. कॉलेज चालवण्याचा या संस्थेला अनुभव नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये इलिनॉय आणि कोलोरॅडोतल्या शाखांची मान्यता गेली. विद्यार्थ्यांना ते महिनोन् महिने सांगितलं गेलं नाही. ते मान्यता नसलेल्या वर्गांत बसून नवी कर्जं काढत राहिले. त्यांच्यापैकी सुमारे दीड हजार जणांची कर्जं ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, शिक्षणमंत्री बेट्सी डेव्होस यांच्या खात्याला रद्द करावी लागली. २०१८ मध्येच मूळ कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २०१९ च्या आरंभी ड्रीम सेंटरच्या कॉलेजांवर रिसीव्हर बसला आणि त्याच वर्षी पिट्सबर्गची मूळ शाळा बंद पडली. ३० सप्टेंबर २०२३ रोजी उरलेल्या आठ शाखांनाही टाळं लागलं.

दिवाळखोरीची ही सोय विद्यार्थ्याला नाही. १९७६ पासून अमेरिकी संसदेने शैक्षणिक कर्ज दिवाळखोरीतून सुटण्याची वाट अरुंद करत आणली आणि १९९८ मध्ये केंद्रीय कर्जांसाठी ती जवळपास बुजवून टाकली. असह्य हलाखी कोर्टात सिद्ध केली तरच सुटका. शिकवणारी कंपनी कागद दाखल करून मोकळी झाली आणि शिकलेल्या मुलीचं मुद्दल व्याजासकट तिच्यामागे लागून राहिलं. ते रद्द करण्याला करदात्यावर टाकलेला भार म्हणणं बरोबर आहे. पण भार टाकला कुणी, या प्रश्नाचं उत्तर ती मुलगी होऊ शकत नाही.

भिंतीवरची चित्रं

सगळेच फसवे नव्हते, हेही तितकंच खरं. या साखळीशी संबंध नसलेली सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट १८७१ सालची. तिथल्या छायाचित्रण विभागाचा पाया १९४५ मध्ये ॲन्सेल ॲडम्स यांनी घातला. दिएगो रिव्हेराने १९३१ मध्ये तिच्या भिंतीवर प्रचंड भित्तिचित्र रंगवलं. एवढी पुण्याई असलेली संस्था कर्जाखाली दबून जुलै २०२२ मध्ये बंद झाली. फिलाडेल्फियाच्या 'युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स'ची मुळं १८७६ पर्यंत जातात. ३१ मे २०२४ ला विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना कळलं, की आठवड्याभरात, ७ जूनला, विद्यापीठ बंद होणार. सुमारे अकराशे विद्यार्थी रस्त्यावर आले.

शिकता शिकता संस्था बंद झाली आणि शिक्षण दुसरीकडे पुरं करता आलं नाही, तर केंद्रीय कर्ज रद्द होण्याची तरतूद कायद्यात आधीपासून आहे. तिथे कुणी 'चित्रकार की वकील' असं विचारत नाही. विकत घेतलेली वस्तू मिळालीच नाही, तर पैसे कसले? हा साधा बाजारनियम आहे आणि कर्जमाफीला विरोध करणारेही सहसा त्यावर हरकत घेत नाहीत.

खरी कसोटी तिसऱ्या प्रकारात लागते. संस्था नामांकित, शिक्षण चांगलं, फसवणूक नाही, आणि तरी कर्ज फिटण्याजोगं नाही.

जुलै २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने कोलंबिया विद्यापीठाच्या सिनेमा विषयातल्या एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) पदवीचे आकडे छापले. केंद्रीय कर्ज घेतलेल्या पदवीधरांचं मध्यक कर्ज १ लाख ८१ हजार डॉलर. पदवीनंतर दोन वर्षांनी त्यांतले निम्मे वर्षाला ३० हजार डॉलरांहून कमी कमावत होते. त्याआधी, जानेवारी २०१७ मध्ये, कमाईच्या मानाने कर्ज किती हे तपासणाऱ्या सरकारी चाळणीत थेट हार्वर्डचा नाट्य-अभ्यासक्रम अडकला होता: दोन वर्षांचं शिक्षण, सुमारे ७८ हजार डॉलरांचं कर्ज, सरासरी ३६ हजारांची कमाई. जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठाने नव्या प्रवेशांना स्थगिती दिली.

पदव्युत्तर शिक्षणाची ही कर्जं एवढी का फुगली? २००६ पासून सरकारने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी अशी योजना ठेवली, की संस्था जो खर्च सांगेल तेवढं कर्ज मिळावं. कमाल मर्यादा नाही आणि परतफेडीच्या कुवतीची चौकशी नाही. दुकानदार म्हणेल ती किंमत आणि सावकार मुकाट्याने देईल, अशा बाजारात भाव कुठल्या दिशेने जाणार? २०२४-२५ मध्ये या कर्जाचा व्याजदर ९.०८ टक्के होता.

माफी जी आधीच लिहिलेली आहे

बायडेन यांची मोठी योजना बहुतेकांना आठवते. २४ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांनी १० हजार डॉलरांपर्यंत, आणि गरीब विद्यार्थ्यांचं पेल अनुदान मिळालेल्यांना २० हजारांपर्यंत, सरसकट माफी जाहीर केली. वर्षाला सव्वा लाख डॉलरांहून कमी कमावणाऱ्याला ती लागू होती. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने खर्चाचा अंदाज ४० हजार कोटी डॉलर धरला. ३० जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली. एवढा अधिकार संसदेने शिक्षणमंत्र्यांना दिलेलाच नाही, असं मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलं. तरी जुन्या कायद्यांतल्या तरतुदी नीट राबवून बायडेन सरकारने कारकीर्द संपेपर्यंत ५० लाखांहून अधिक लोकांची १८ हजार कोटींहून जास्त कर्जं रद्द केली. आर्ट इन्स्टिट्यूट्सचा निर्णय त्यातलाच.

या जुन्या तरतुदींतली सर्वांत मोठी माफी कुणाच्या नजरेत भरत नाही, कारण ती हप्त्यांच्या तक्त्यात लपलेली असते. उत्पन्नानुसार हप्ता ठरवणाऱ्या योजनेचं गणित घेऊ. समजा, एखाद्या एकट्या शिल्पकाराचं कर्ज १ लाख डॉलर, व्याज सात टक्के, उत्पन्न ३० हजार. २०२४ च्या दारिद्र्यरेषेच्या दीडपट, म्हणजे २२,५९० डॉलर, सोडून उरलेल्या रकमेच्या दहा टक्के त्याने द्यायचे. म्हणजे वर्षाला ७४१ डॉलर. त्याच वर्षी व्याज चढतं ७ हजार. कमाई आणि रेषा जागच्या जागी राहिल्या असं धरलं, तर वीस वर्षांत तो १५ हजारांच्या आत रक्कम फेडतो आणि सरकार सव्वादोन लाख डॉलर सोडून देतं. यात कुठलाही वटहुकूम नाही, निवडणुकीची घोषणा नाही.

या माणसाला सवलत मिळू नये असं मला वाटत नाही. उत्पन्न कमी तर हप्ता कमी, हे सभ्य समाजाचं लक्षण आहे. सरकारी शाळेतल्या चित्रकला-शिक्षिकेला किंवा धर्मादाय संग्रहालयातल्या कर्मचाऱ्याला दहा वर्षांच्या हप्त्यांनंतर मुक्त करणारी २००७ ची लोकसेवा-माफीही योग्यच आहे. माझा आक्षेप आहे तो संस्थेवर. पहिल्या दिवशी तिने लाख डॉलर घेतले. विसाव्या वर्षी सरकारने सव्वादोन लाख सोडले. शिल्पकाराने वीस वर्षं डोक्यावर वाढता आकडा वागवला. या तिघांत ज्याने किंमत ठरवली, त्यालाच काही सोसावं लागलं नाही.

हा भार काहींनी कलेतूनच मांडला. टॉमस गोकी हा शिकागोच्या कलाशाळेतून एमएफए झालेला कलाकार. शिक्षणापायी भरलेली रक्कम जवळपास ५० हजार डॉलर. त्याने फेडरल रिझर्व्हकडून फाडून बारीक केलेल्या नोटा मिळवल्या, तेवढ्याच रकमेच्या नोटांचा लगदा करून कागदाचे चार ताव बनवले आणि ते चौरस इंचाच्या भावाने विकायला काढले. पुढे 'डेट कलेक्टिव्ह' या कर्जदारांच्या संघटनेच्या उभारणीत तो होता. अमेरिकेतल्या सगळ्या दृश्य आणि सादरीकरणाच्या कलांच्या पदव्या मिळून दर शंभर पदव्यांमागे चार-पाच भरतात. पण कर्ज हा विषय त्या मूठभरांनी सर्वांत आधी आणि सर्वांत ठसठशीतपणे मांडला, यात नवल नाही. 'बीएफएएमएफएपीएचडी' या गटाने २०१४ मध्ये जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं, की कला पदवीधरांपैकी फक्त दहा टक्के लोक मुख्यतः कलेवर पोट भरतात.

ट्रकचालकाचा मुद्दा

तरीही ट्रकचालकाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या पंचविशीपुढच्या बहुसंख्य लोकांकडे चार वर्षांची पदवी नाही. त्यांच्या करातून कोलंबियाच्या एमएफएचं कर्ज सरसकट फिटत असेल, तर पैसा खालून वर वाहतो. 'समाजाला कला हवीच' हे उत्तर इथे पुरत नाही. कला हवी म्हणून कोलंबियाची वाटेल ती फी भरलीच पाहिजे, असं त्यातून निघत नाही.

डेमोक्रॅट पक्षाने याला दिलेलं प्रत्युत्तर चटपटीत होतं. साथीच्या काळात छोट्या धंद्यांना दिलेली कर्जं सुमारे ८० हजार कोटींची, आणि त्यांतली बहुतेक माफ झाली; विद्यार्थ्यांच्या माफीवर तोंडसुख घेणाऱ्या खासदारांनी स्वतः त्यात किती घेतले, याची यादी व्हाइट हाउसने प्रसिद्ध केली. चटपटीत, पण अपुरं. त्या कर्जांत नोकर टिकवले तर माफी, ही अट पहिल्यापासून लिहिलेली होती. एकाला मिळालं म्हणून दुसऱ्यालाही, हे न्यायाचं तत्त्व होत नाही.

ट्रकचालकाला द्यायचं खरं उत्तर वेगळं आहे. बाबा रे, तू कलेसाठी पैसे देतोसच, फक्त सर्वांत महाग आणि सर्वांत वाईट मार्गाने. केंद्राच्या कलानिधीची, म्हणजे 'नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स'ची, २०२४ सालची तरतूद होती २० कोटी ७० लाख डॉलर. एका साखळीची घाण निस्तरायला गेलेल्या ६१० कोटींत हा निधी त्याच दराने २९ वर्षं चालला असता. आणि २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने हाच निधी बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला. समोरच्या दाराने द्यायला वीस कोटी जड, मागच्या दाराने सहाशे कोटी गेले तरी चालतात.

समोरच्या दाराची उदाहरणं अमेरिकेतच आहेत. न्यूयॉर्कच्या कूपर युनियनने १८५९ पासून दीडशेहून जास्त वर्षं विद्यार्थ्यांना जवळजवळ फुकट शिकवलं. मग कर्ज काढून नवी झळाळती इमारत बांधली, तोटा वाढला आणि २०१४ पासून फी सुरू झाली. विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयात दोन महिने ठाण मांडलं. २०१८ मध्ये संस्थेने दहा वर्षांत पुन्हा निःशुल्क होण्याचा आराखडा आखला आणि २०२४ पासून शेवटच्या वर्षाची फी काढूनही टाकली. येलच्या नाट्यशाळेला २०२१ मध्ये डेव्हिड गेफन यांनी १५ कोटी डॉलर दिले आणि तिथली फी कायमची गेली. अशा ठिकाणी माफीचा वाद उद्भवत नाही, कारण माफ करायला काही उरत नाही.

मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या लाख रुपयांच्या देणगीतून सुरू झालेली जे. जे. कलाशाळा पुढे सरकारने चालवली. तिथे वासुदेव गायतोंडे, तय्यब मेहता, अकबर पदमसी घडले. करदात्याचा पैसा तिथेही होता. पण तो जागेवर आणि शिक्षकांवर खर्च झाला, विद्यार्थ्याच्या डोक्यावर व्याजाने चढला नाही. आज महाराष्ट्रातून ॲनिमेशन, व्हीएफएक्स, डिझाइन शिकायला न्यूयॉर्कला, सॅव्हानाला, सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या मुलांची स्थिती याच्या उलट आहे. विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्यांना अमेरिकी केंद्रीय कर्ज मिळत नाही, त्यामुळे तिथल्या कुठल्याही माफीचा त्यांना उपयोग नाही. त्यांचं कर्ज इथल्या बँकेचं, सहकर्जदार आई-वडील, तारण बहुधा राहतं घर, आणि सरकारची मदत म्हणाल तर व्याजावर मिळणारी आयकराची वजावट. माहितीपत्रकातली नोकरीची टक्केवारी मात्र त्यांनाही तीच दाखवली जाते.

नवी चाळणी

४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने हे चित्र बदलायला घेतलं आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठीचं अमर्याद कर्ज जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. एमएफएसारख्या पदव्यांना वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलरांची मर्यादा. वैद्यक, कायदा अशा व्यावसायिक पदव्यांना एकूण मर्यादा दुप्पट. या व्यावसायिकांच्या यादीत धर्मशास्त्र बसतं, कला बसत नाही. शिवाय एक चाळणी: अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची मध्यक कमाई निव्वळ बारावीपर्यंत शिकलेल्या तरुणांपेक्षा कमी भरली आणि तीन वर्षांत दोनदा तसं झालं, तर त्या अभ्यासक्रमाला केंद्रीय कर्ज बंद. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची तुलना साध्या पदवीधराशी.

कलावर्तुळात यावर संताप आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. चित्रकाराची मिळकत शिक्षणानंतर चार वर्षांनी मोजणं म्हणजे त्याच्या धंद्याची रीतच न ओळखणं. गायतोंडे २००१ मध्ये गेले; त्यांचं एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३ कोटींहून अधिक रुपयांना गेलं. चित्रकाराचा पैसा उशिरा येतो आणि बरेचदा दुसऱ्याच्या हाती येतो.

पण मला हा कायदा एका बाबतीत प्रामाणिक वाटतो. मिळकत उशिरा आणि अनिश्चित असेल, तर त्या शिक्षणासाठी ठरावीक व्याजाचं कर्ज हे साधनच चुकीचं आहे. कलेचं मोल बाजार लगेच ओळखत नाही, हे आपण मान्य करतो. मग बाजाराच्या दराने व्याज लावून ती शिकवायची कशी? मर्यादा घालणं बरोबर. चूक ही, की कर्जाचं दार बंद करताना अनुदानाचं, शिष्यवृत्तीचं, निःशुल्क जागांचं दार उघडलं नाही. अशाने कला फक्त पैसेवाल्यांच्या मुलांना परवडणार. आणि दुसरी चूक अधिक मोठी: बुडालेल्या कर्जाचा काही भाग संस्थेने भरावा, ही तरतूद प्रतिनिधीगृहाच्या मसुद्यात होती, अंतिम कायद्यातून ती गळाली. विद्यापीठांच्या दबावापुढे केटरर पुन्हा सुटला.

तेव्हा करदात्याने भरावं का? संस्थेने फसवलं किंवा वर्ग अर्ध्यावर बंद केले, तिथे भरावं, पूर्ण भरावं, आणि विषय कोणता हे विचारू नये. 'इथे शिकायला आम्ही कर्ज देतो' असं सरकारने सांगणं ही सरकारची शिफारस असते. शिफारस खोटी ठरली तर तिची किंमत शिफारस करणाऱ्याने मोजायची, अठरा वर्षांच्या मुलीने नाही. फसवणूक नसेल, तर सरसकट माफी नको. हप्ता उत्पन्नाच्या मापात, मुदत ठरलेली, आणि थकलेल्या व्याजापायी मुद्दल फुगणार नाही एवढी खबरदारी. आणि दोन्ही प्रसंगी वसुलीचा पहिला तगादा संस्थेकडे, तिच्या मालकांकडे, ती विकून बाहेर पडलेल्यांकडे.

हे अशक्य नाही. सरकार आजही डळमळीत संस्थेकडून बँकेची हमी मागू शकतं. ती फक्त वेळेत आणि पुरेशी मागायला हवी. आणखी एक काम तर उद्याच करता येईल. कर्जमाफीची घोषणा झाली, की बातमीत किती विद्यार्थ्यांचं किती कर्ज सुटलं हे छापून येतं. त्याच ओळीत संस्थेने किती घेतले, मालक कोण होते आणि त्यांच्याकडून किती वसूल झाले, हे तीन रकाने सरकारने सक्तीने छापावेत. आर्ट इन्स्टिट्यूट्सच्या बाबतीत तिसऱ्या रकान्यातला आकडा वाचला, की ट्रकचालकाचा राग योग्य पत्त्यावर पोचेल.